जुन्या वस्तूंचे वारकरी : कै. दिनकर गंगाधर केळकर

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत काही कामानिमित्त आम्हांस हुबळीस जावे लागले. काम लवकर आटोपले आणि धारवाडच्या गाडीस अवकाश होता, म्हणून दुर्गदबैलाच्या बाजूस सहज फिरत असता एका जुन्या सामानाच्या दुकानापाशी आमचे पाय थबकले. गंजलेली कुलुपे, कंदिलाच्या काचा, बिनकाट्याचे घड्याळ, बिडाचे तवे अशा पसाऱ्यात चिनी मातीची एक झारी धूळ खात पडली होती. उंची सुमारे दीड वीत, अंग पांढरे, त्यावर निळ्या फुलापानांची वेल, आणि काठावर सोनेरी रेघेचा पुसट अवशेष. तोटीचा एक टवका उडालेला होता. मूठ केव्हातरी मोडली असावी, कारण ती बारीक पितळी तारेने आवळून पुन्हा जागच्या जागी बसविलेली होती.

दुकानदाराने किंमत अगदीच थोडी सांगितली. शेजारच्या चेपलेल्या पितळी तपेल्याला तो अधिक पैसे मागत होता, कारण तपेले वजनावर विकले जाते आणि झारीला वजनाचा भाव नाही. ही वस्तू कोठून आली असे आम्ही विचारले. कोणातरी जुन्या घराची पाडापाड झाली, तेथल्या सामानाबरोबर ती आली, एवढेच त्याला ठाऊक होते. घर कोणते, गल्ली कोणती, हे तो विसरून गेला होता. आम्ही पैसे दिले आणि वर्तमानपत्रात गुंडाळून झारी घरी आणली.

घरी आणून ती कोमट पाण्याने धुतली तेव्हा एक गंमत आढळली. मुठीच्या मागे, जेथे सहसा कोणाची दृष्टी जात नाही, तेथे वेलीचा सांधा जुळत नव्हता. एका पानाचा अर्धा भाग होता आणि पुढे एकदम दुसरेच फूल सुरू झाले होते. वेल हाताने रंगविलेली नसून छापलेली आहे, याची ही खूण होय. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडातील कारखान्यांत ही युक्ती निघाली. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरावयाचे, त्यात रंग भरून पातळ कागदावर छाप घ्यावयाचा, तो ओला कागद भाजलेल्या भांड्यावर चिकटवून चित्र उमटवावयाचे, आणि मग वरून काचेसारखा झिलईचा थर देऊन भांडे पुन्हा भट्टीत भाजावयाचे. कागदाची दोन टोके जेथे मिळतात तेथे चित्र क्वचितच नेमके जुळते. या रीतीने स्टॅफर्डशायर परगण्यातील कारखान्यांनी लक्षावधी भांडी तयार केली आणि ती आगबोटींनी जगभर गेली. साहेबांच्या घरी तोंड धुण्यासाठी तस्त व झारी अशी जोडी असे. हुबळीस १८८५ साली रेल्वेचा मोठा कारखाना निघाला. तेथल्या एखाद्या साहेबाच्या सामानाच्या लिलावातून आमची झारी एखाद्या देशी घरात आली असेल, असा आमचा तर्क आहे. पण तो तर्कच. मोडलेली मूठ तारेने बांधून घेण्याइतके जिच्यावर कोणाचे तरी मन जडले होते, त्या वस्तूची हकीकत त्या घराबरोबर मातीला मिळाली.

अशा वेळी आम्हांस एका थोर पुरुषाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. ज्या वस्तूंस वजनाचाही भाव येत नाही त्यांच्यापायी ज्यांनी आपले दीर्घ आयुष्य वेचले, ते पुण्याचे कै. दिनकर गंगाधर केळकर होत. त्यांचे संग्रहालय सहलीच्या निमित्ताने आमच्या वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. परंतु ते उभे करणाऱ्या मनुष्याचे चरित्र फार थोड्यांस ठाऊक असते. ते येथे थोडक्यात सांगण्याचा विचार आहे.

केळकरांचा जन्म १० जानेवारी १८९६ रोजी झाला. त्यांचे कर्तृत्व पुण्यात बहरले. ते राजघराण्यातले नव्हते, सरदार नव्हते, मोठे व्यापारीही नव्हते. त्यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता, आणि त्यांचा पहिला ओढा कवितेकडे होता. अज्ञातवासी या टोपणनावाने त्यांनी काव्यलेखन केले आणि मराठी कवींच्या मंडळीत त्या नावाने ते ओळखले जाऊ लागले. पांडवांनी अज्ञातवासात आपली नावे लपविली. आमच्या चरित्रनायकाने हे नाव आपण होऊन घेतले. पुढे ज्या कारागिरांच्या वस्तू त्यांनी जमविल्या त्यांपैकी बहुतेकांची नावे कायमचीच अज्ञातवासात गेलेली आहेत, हा योगायोग मोठा विलक्षण म्हणावा लागेल.

मराठ्यांच्या इतिहासाची त्यांना लहानपणापासून ओढ होती, आणि पुण्यात तो काळ इतिहाससंशोधनाच्या उत्साहाचा होता. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव पायपीट करून जुन्या दप्तरांतील कागद गोळा करीत होते. त्यांच्या मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ साली निघाला आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या देवघरात, कोणाच्या चुलीशेजारी पडलेले कागद वाळवीच्या तोंडून सोडवून आणण्याचे ते दिवस होते. कागद सांगतात ते लढायांचे, तहांचे, सनदांचे. परंतु ज्यांनी त्या लढाया केल्या ते जेवत कशात, त्यांच्या घरी दिवा कसा लागे, लहान मुले कशाशी खेळत, सुपारी कशाने कातरली जाई, या गोष्टी कागदांत क्वचितच सापडतात. त्या वस्तूंत सापडतात. राजवाड्यांनी जे कागदांसाठी केले ते केळकरांनी वस्तूंसाठी केले, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९२० च्या सुमारास त्यांच्या संग्रहास आरंभ झाला. तो काळ नीट ध्यानात घ्यावयास हवा. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि तिच्या आश्रयाने नांदणारी घराणी हळूहळू खालावली. वाडे उभे होते, पण त्यांतील माणसे नोकरीधंद्यासाठी शहरांकडे जाऊ लागली. मागे राहिलेली तांब्यापितळेची भांडी मोडीत निघू लागली. मोडीत घालणे हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. पण त्या एका शब्दात किती समया, किती पानपुडे, किती अत्तरदाण्या वितळून गेल्या याची गणती कोणी केली नाही. पुढे ॲल्युमिनियम आले, त्यामागून पोलाद आले, आणि घासण्यास जड म्हणून पितळेची उरलीसुरली भांडीही बाजारात गेली. कारागिराने महिनोन्महिने खपून घडविलेल्या मोराच्या दिव्याला आणि साध्या गुंडाला तराजूत एकच भाव होता.

अशा तराजूपुढे केळकर जाऊन उभे राहिले. पुण्याचा जुना बाजार, पडके वाडे, खेड्यांतील घरे हीच त्यांची तीर्थक्षेत्रे झाली. महाराष्ट्रापुरते त्यांचे हिंडणे नव्हते. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ अशा निरनिराळ्या प्रांतांतील वस्तू त्यांच्या संग्रहात आल्या. वारकरी जसा वर्षानुवर्षे एकाच ओढीने वाट चालतो, तसे हे चालणे होते, आणि ते एकदोन वर्षे नव्हे तर साठांहून अधिक वर्षे चालले.

त्यांनी काय जमविले, हे पाहिले म्हणजे त्यांच्या दृष्टीचे वेगळेपण कळते. शस्त्रे, चिलखते, हस्तिदंती काम, जुनी चित्रे ही तर त्यांच्या संग्रहात आहेतच. पण त्यांचे खरे प्रेम घरगुती वस्तूंवर होते. तऱ्हेतऱ्हेचे दिवे, नाना आकारांचे अडकित्ते, दौती, पाय घासण्याच्या वज्री, विंचवाच्या आकाराचे कुलूप, शेवया करण्याचे साचे, नारळ खवण्याच्या खवण्या, गंजिफा व सोंगट्यांचे पट, लहान मुलांची खेळणी, कोरीव लाकडी दारे, आणि वाद्यांचा एक स्वतंत्र व समृद्ध विभाग. आमच्या या भागास, जेथे सवाई गंधर्व, मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल यांच्या गाण्याने घरे भारलेली होती, त्या वाद्यांचे विशेष अगत्य वाटावे.

वज्री ही किती क्षुद्र वस्तू! पायाची टाच घासण्यापलीकडे तिचा उपयोग नाही. परंतु ती घडविणाऱ्याने तिच्यावरही पोपट, हत्ती, घोडा बसविला. राजाच्या मुकुटावर कारागिरी करावयास मोल मिळते. टाच घासण्याच्या वस्तूवर ती करणाऱ्यास कोणी जास्तीचे दाम दिले असेल काय? तरीही त्याने ती केली. सामान्य माणसाच्या रोजच्या जीवनातही सौंदर्याची भूक असते, हे केळकरांच्या संग्रहाचे सांगणे आहे.

असा विचार करणारे केळकर जगात एकटेच नव्हते. स्वीडन देशात आर्थर हाझेलियस नावाच्या शिक्षकाने शेतकऱ्यांच्या घरांतील कपडे, अवजारे व भांडी जमवून १८७३ साली स्टॉकहोम येथे त्यांचे संग्रहालय उघडले, आणि १८९१ साली स्कान्सेन या ठिकाणी जुनी घरेच्या घरे आणून पुन्हा उभी केली. कारखान्यांच्या युगात जुने ग्रामजीवन डोळ्यांदेखत नाहीसे होत आहे, ही तळमळ त्यामागे होती. हजारो कोस दूर असलेल्या दोन माणसांनी एकाच दुःखावर एकच उपाय योजावा, हे विचार करण्याजोगे आहे.

हे सारे करण्यास द्रव्य लागते, आणि द्रव्याहून अधिक घरच्यांची साथ लागते. ती साथ केळकरांना त्यांच्या पत्नी कमलाबाई यांनी दिली. आमच्या वाचकांतील गृहिणींनी क्षणभर कल्पना करून पाहावी. संसारास लागणारे पैसे घेऊन यजमान बाजारात जातात आणि धान्याऐवजी एक फुटका दिवा घेऊन परततात. फडताळे भरतात, माळा भरतो, मग माणसांच्या बसण्याउठण्याच्या जागा भरू लागतात. ज्या घरात हे हसतमुखाने सोसले गेले, त्या घरातील स्त्रीचे नाव संग्रहालयाच्या पाटीवर नसले तरी त्याच्या पायात आहे.

आता त्या पाटीविषयी. राजा दिनकर केळकर संग्रहालय हे नाव वाचून, दिनकर केळकर नावाचे कोणी संस्थानिक होते अशी अनेकांची समजूत होते. वस्तुस्थिती फार निराळी आहे. राजा हे त्यांच्या एकुलत्या एक मुलाचे नाव. तो बालवयातच दगावला. ज्या वयात मुले खेळण्यांसाठी हट्ट धरतात त्या वयात तो आईबापांना सोडून गेला. पुत्रशोकाने माणसे खचतात, घराची दारे लावून घेतात, जगावर रुसतात. केळकर पतिपत्नींनी आपल्या घराचे दार उलट सर्वांसाठी उघडले. आपला उभा संग्रह त्यांनी मुलाच्या नावे केला. आज पुण्यात शाळांतील मुलांच्या रांगा त्या दारातून आत जातात, जुनी खेळणी पाहून हरखतात, आणि न कळत एका मुलाचे नाव घेतात. राज्य नसलेल्या या राजाच्या दरबारात मुलांची ये-जा कधी थांबली नाही.

१९६० पर्यंत संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १५,००० झाली होती. महाराष्ट्र राज्य त्याच वर्षी अस्तित्वात आले होते. पुढे केळकरांनी आपला संग्रह महाराष्ट्र शासनाच्या पुरातत्त्व विभागाच्या स्वाधीन केला. या गोष्टीचे मोल आपण ओळखले पाहिजे. संग्राहकास आपली वस्तू प्राणाहून प्रिय असते. ती दुसऱ्याच्या हाती देताना त्याचा हात कापतो. शिवाय त्यांतील कित्येक वस्तूंस परदेशांतील शौकिनांकडून भरपूर पैसा मिळाला असता. केळकरांनी तो मार्ग पत्करला नाही. खाजगी संग्रह एकदा वाटण्यांत सापडला म्हणजे दोन पिढ्यांत पुन्हा बाजारात येतो, ही गोष्ट त्यांच्याहून अधिक कोणास ठाऊक असणार? वाटण्यांत फुटलेल्या घरांतूनच तर त्यांनी तो वेचून आणला होता.

संग्रह दिला म्हणून शोध थांबला नाही. वस्तूंची संख्या वाढतच गेली आणि आज ती २०,००० हून अधिक आहे. त्यांपैकी सुमारे २,५०० वस्तू एका वेळी मांडून ठेवता येतात. बाकीच्या जागेअभावी आत ठेवाव्या लागतात. थोरल्या बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूड येथे बांधलेल्या महालाचे अवशेषही त्यांनी मिळविले, आणि त्यांतून मस्तानी महालाचे दालन संग्रहालयात पुन्हा उभे राहिले. पुणे विद्यापीठाने त्यांस डी.लिट्. ही सन्मानाची पदवी दिली आणि चष्म्याच्या दुकानातील कवी डॉक्टर केळकर झाले. १७ एप्रिल १९९० रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षाच्या उत्तरकाळी नव्हे तर ती ९४ वर्षे पूर्ण करून, त्यांनी या जगाचा निरोप घेतला.

या थोर कार्यावर एक आक्षेप घेता येण्यासारखा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. देवघरातली समई काचेच्या कपाटात गेली म्हणजे तिच्यातली वात विझते. ती वस्तू राहते, पण तिचे घर राहत नाही. हे खरे आहे. परंतु केळकरांपुढे निवड देवघर की कपाट अशी नव्हती. ती कपाट की भट्टी अशी होती. ज्या घरी समई अजून तेवते आहे त्या घरातून ती उचलून आणावी असे कोणी म्हणणार नाही. तेथे करावयाचे काम निराळे आहे, आणि ते आपणां सर्वांस करता येण्यासारखे आहे. त्यासाठी पैसा लागत नाही.

धारवाडकर मंडळींस जुन्याची आस्था नाही असे नव्हे. १९३९ साली येथे स्थापन झालेल्या कन्नड संशोधन संस्थेने शिलालेख व मूर्ती यांचा अभ्यास केला. पण शिलालेख राजांचे असतात आणि मूर्ती देवांच्या. आपल्या आजीच्या बरणीचा लेख कोण लिहिणार? आपल्या भागातील मराठी घरांत दोन भाषांचे संस्कार एकत्र नांदतात आणि ते भांड्यांच्या नावांतही दिसतात. आपण जिला बरणी म्हणतो तिला शेजारच्या कन्नड घरात भरणी म्हणतात. आपल्या खुज्याला ते हूजी म्हणतात, आणि आपला तांब्या तेथे तंबिगे होतो. जवळच खानापूरच्या मातीत घडविलेली भांडी व कौले पिढ्यान्‌पिढ्या घरोघर वापरली गेली. यांतील किती नावे आणि किती वस्तू पुढच्या पिढीस ठाऊक राहतील?

म्हणून विद्यार्थिमित्रांनो, एक काम करा. आज घरी गेल्यावर माळ्यावरची किंवा फडताळातली एक जुनी वस्तू खाली काढा. ती कोणी आणली, कोठून आणली, तिला घरात काय म्हणत, ती कोणत्या सणास बाहेर निघे, केव्हा मोडली आणि कोणी सांधली, हे आजीआजोबांना विचारा आणि वहीत लिहून ठेवा. वस्तू विकत मिळते. तिची हकीकत विकत मिळत नाही. ती सांगणारे माणूस गेले म्हणजे केळकरांसारख्या पुरुषासही ती परत आणता येत नाही.

आमची झारी आम्ही शाळेच्या ग्रंथालयातील कपाटावर ठेवली आहे. तिच्याजवळ एक लहानसा पुठ्ठा आहे. त्यावर ती हुबळीच्या जुन्या सामानात मिळाली असे पहिल्या ओळीत लिहिले आहे, आणि वेल हाताची नसून छापाची आहे असे दुसऱ्या ओळीत. तिसरी ओळ आम्ही मोकळी सोडली आहे. हा अंक घरोघर जाईल आणि वडीलधाऱ्या मंडळींच्या हाती पडेल. निळी वेल, सोनेरी काठ आणि पितळी तारेने बांधलेली मूठ अशी झारी कोणाच्या आजोळी, कोणाच्या पाडलेल्या वाड्यात पाहिल्याचे स्मरत असेल, तर त्यांनी शाळेत येऊन ती अवश्य पाहावी. मूठ कोणी बांधली एवढे जरी कळले, तरी ती तिसरी ओळ आम्ही त्यांच्याच हस्ताक्षरात लिहून घेऊ.